ठोंबेसाहेबाचा चौथरा

ठोंबेसाहेबाला आम्ही दरसाल एक उकडलेलं अंडं, एक विडी आणि अर्धी वाटी दारू वाहायचो. कॅनॉलला पहिलं पाणी सोडायच्या दिवशी, सकाळी. अंडं सोलायचं काम माझं, कारण माझी बोटं बारीक होती आणि माझ्या हातून अंड्याचा टवका जायचा नाही. टवका गेलेलं अंडं साहेबाला चालत नाही असं आमची आई म्हणायची, जसं काही साहेबानं येऊन तिला सांगितलं होतं. माझे वडील, आबा, धरणावरच्या बंगल्याचे चौकीदार. इंजिनिअर लोक पाहणीला यायचे ते त्या बंगल्यात उतरायचे. बंगल्याच्या मागं टेकाडावर दगडी चौथरा होता, कमरेएवढा, वर मधोमध लोखंडी खुंटी बसवलेली. त्याच्याखाली साहेबाला पुरलंय असं आम्ही धरून चाललो होतो. आबांना त्यांच्या वडलांनी सांगितलं, त्यांना कुणी सांगितलं ते कुणी विचारलं नाही. त्या चौथऱ्याला मी कधी पाठ टेकून बसले नाही. चुकून पाय लागला तर हात लावून पाया पडायचं. एवढा मान. आज ते आठवलं की मला माझ्या त्या बारीक बोटांचाच राग येतो.

बंगल्यात आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो. धरणाच्या मोरीतनं पाणी पडायचं त्याचा घूं घूं आवाज सतत चालू. आम्हाला तो ऐकू यायचा नाही, बंद झाला की ऐकू यायचा. साहेबलोक आले की आई चुलीवर कोंबडी करायची, पाट्यावर वाटलेलं खोबरं, कांदा, आणि वास सगळ्या टेकाडावर. आम्हाला मान आणि पाय. मी चौथी झाले आणि शाळा संपली, कारण पाचवी कॅनॉलच्या पलीकडं होती आणि पोरीला एकटं पुलावरनं कोण सोडणार. मग मी आबांच्या हाताखाली. कोंबडी साफ करताना, कंदिलाच्या काचा पुसताना आबा साहेबाची गोष्ट सांगायचे. गोष्ट म्हणजे त्याचा सगळा जन्मच.

ठोंबेसाहेब एकोणीस वर्षांचा असताना बोटीनं मुंबईला उतरला. पलटणीतला अधिकारी, पण बंदुकीचा नाही, मोजमापाचा. त्याचं नाव धरणाच्या दगडावर इंग्रजीत कोरलंय, थॉर्नबी. आमच्या तोंडात त्याचं ठोंबे झालं. त्याचं पहिलं काम घाटातला रस्ता. तिथं त्याची साखळी ओढायला भिवा लागला. भिवा म्हणजे आबांचा आजा. जमीन मोजायची लोखंडी साखळी असायची, तिचं एक टोक धरून काट्याकुट्यातनं सरळ चालायचं, मधे वारूळ आलं तरी वाकडं जायचं नाही. घाट झाला, मग नदीवरचा पूल झाला. मग साहेब समुद्रापलीकडं लढाईला गेला, तिथं फौजेसाठी पूल बांधले आणि हाताचं एक बोट तिथंच तोडून घेऊन आला. आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं? "भिवा किधर?" हे सांगताना आबा छाती फुगवायचे. जशी काही सरकारनं पदवी दिली.

मग धरण आलं. साहेब आता कॅप्टन, भिवा मुकादम. डाव्या बाजूचा पाया खणताना खाली झरा लागला. खंदकाच्या दोन्ही भिंतींना लाकडी टेकू लावले होते. भिवा म्हणाला, साहेब, माती फुगतीय, पंधरा दिवस थांबा, पाणी उपसू द्या. साहेब म्हणाला, लाटसाहेब पाहणीला येणार, त्याच्या आत दगडाचा थर वर दिसला पाहिजे, टेकू काढ. टेकू काढले. भिंत बसली. अकरा माणसं खाली गेली, त्यातल्या सात टोपली वाहणाऱ्या बाया. त्या सातांत भिवाची बायको, चंद्रा. साहेब ढसाढसा रडला म्हणे. भिवाला त्यानं बंगल्याची चौकीदारी दिली, तुझ्या पोराबाळांनाही मिळेल म्हणाला. म्हणून आम्ही साहेबाचे उपकार मानायचो. चौकीदारीची भाकरी साहेबाची, तर साहेबाला एक अंडं. भिवा स्वतः मात्र कधी चौथऱ्यावर गेला नाही. आबा म्हणायचे, म्हाताऱ्याचे गुडघे गेले होते, टेकाड चढवत नसे. मीही तसंच मानलं. आता माझे गुडघे गेलेत. टेकाड चढायचं मनात असलं की माणूस रांगत चढतो.

माझं लग्न, नवरा जाणं, ते मी दुसऱ्या वहीत लिहिलंय. इथं एवढंच की मुलगा दिलीप शिकला आणि इंजिनिअर झाला. मला कोण आनंद. इंजिनिअरची भांडी घासणाऱ्या घरात इंजिनिअर. तो दुबईला गेला, लग्न केलं, पोरगी झाली आणि सून मनीषा बँकेत जायची म्हणून मला तिकडं नेलं. अल मनखूलला घर, चौथा मजला. सकाळी दिलीप जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात, मनीषा बँकेत, नात रिया शाळेच्या बसनं. मग मी, एसीचा आवाज आणि खालच्या मशिदीतली बांग. दुपारी रिया यायची. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. "काय खाणार?" "एनिथिंग, आजी." मी थालीपीठ करायची. "नॉट दिस!" असं आमचं छान चाललेलं.

मग ती मंदी आली. आम्हाला मंदी कळली ती डब्यांवरनं. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीवहिनी गेल्या, जाताना तूरडाळ आणि हिंगाची डबी आमच्या दारात ठेवून गेल्या. मग वरचं केरळचं कुटुंब गेलं, त्यांचं नारळाचं तेल आलं. मग गुजराती बाई, तिचे पापड. माझं स्वयंपाकघर दुसऱ्यांच्या डब्यांनी भरलं. मनीषा एकेक डबा फळीवर ठेवताना म्हणायची, "आई, आपले डबे कुणाच्या दारात ठेवायचे, तेवढं ठरवून ठेवू या." म्हणायची हसून. दिलीप हसायचा नाही. रोज त्याच्या ऑफिसात कुणाला तरी बोलवायचे आणि तो माणूस खोका घेऊन बाहेर यायचा. व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात देश सोडायचा.

दिलीपच्या साइटवर मल्लेश म्हणून फोरमन होता, तेलंगणाकडचा, पन्नाशीचा. मोठ्या इमारतीचा पाया खणत होते. मी एकदा त्याच्यासमोर म्हणाले होते की इथं अंबाडी मिळत नाही. तेव्हापासून तो दर पंधरा दिवसांनी देराच्या बाजारातनं अंबाडीची जुडी आणायचा. "अम्मा, तीन दिरहम," म्हणायचा. मी म्हणायची, "म्हणजे चाळीस रुपये! पाल्याला!" तो म्हणायचा, "तो फिर मत खाओ." आणि पैसे घ्यायचा नाही. मी कण्या घालून अंबाडी करायची, तो डबा घेऊन जायचा. आमच्या घरी येऊन खुर्चीवर कधी बसला नाही, दारातच उभा. दिलीप म्हणायचा, "मल्लेश आहे म्हणून माझी साइट चालते." हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलंय.

समुद्राजवळची जमीन ती, खड्डा खणला की पाणी वर येतं, म्हणून रात्रंदिवस पंप चालवतात. एका दुपारी, मनीषाची सुट्टी होती, दिलीप घरी जेवायला आला होता, ताटावर बसूनच फोनवर बोलत होता. फोन ठेवून म्हणाला, "काय लोक आहेत! ऑफिसमधून सांगतात अर्धे पंप बंद करा, डिझेल वाचवा. मल्लेश तिकडे ओरडतोय की साब पानी चढ रहा है." मनीषानं विचारलं, "मग?" "मग काय. वरून ऑर्डर आहे. करा म्हटलं बंद." आमटीत भात कालवला आणि जेवला. चार दिवसांनी खड्ड्याची एक बाजू बसली. दोन माणसं गेली. एक बिहारचा, एक नेपाळचा. नावं मला दिलीपनं सांगितली नाहीत, मी विचारली तरी.

त्याच दिवसांत रियाच्या शाळेत प्रोजेक्ट आला, 'थोर इंजिनिअर'. तिच्या वर्गातली सगळी पोरं दुबईतले टॉवर कुणी बांधले ते करत होती. मीच म्हणाले, आपल्या ठोंबेसाहेबाचं कर. मीच म्हणाले, हे मी लपवत नाही. तिला गोष्ट सांगितली, घाट, पूल, लढाई, बोट, धरण. तिला अंड्याचं फार हसू आलं. "ही ड्रिंक्स रम अँड ईट्स एग? डेड?" दिलीपच्या कॉम्प्युटरात धरणाच्या दगडाचा फोटो होता, त्यावरनं तिनं नाव शोधलं. दोन दिवसांत तिला साहेबाचं अख्खं पुस्तक सापडलं. साहेबानं म्हातारपणी स्वतःची हकिकत स्वतः लिहिली होती. मी पण आता तेच करतेय, पण माझ्या हातात दुसऱ्याची मान नाही.

रिया कॉम्प्युटरवर वाचायची, मी शेजारी लसूण सोलत बसायची. आधी मला मजा वाटली. घाट होता. पूल होता. लढाई होती. मग एक चित्र आलं, आमचा चौथरा, त्यावर तीन पायांची दुर्बीण, मागं टोपीवाला माणूस. "आजी, दिस इज नॉट अ ग्रेव्ह. इट्स अ स्टँड. फॉर हिज टेलिस्कोप." मी म्हणाले, नीट बघ. तिनं नीट बघितलं. त्याच्यावर दुर्बीण ठेवून साहेब धरणाची रेघ बघायचा, बस. मग साहेब कुठं पुरलाय? तिनं दुसऱ्या कुठल्या पानावर शोधलं. साहेब धरणानंतर मेजर झाला, कर्नल झाला, राणीकडनं बिल्ला मिळाला, आपल्या देशात जाऊन बागेचं घर घेतलं, गुलाब लावले, आणि ऐंशी ओलांडून गादीवर मेला. आम्ही तीन पिढ्या एका दगडी स्टुलाला अंडी घालत होतो.

हसले मी तेव्हा. खरंच हसले. राग पुढच्या पानावर होता.

रियानं ते पान छापून घेतलं, कारण तिला त्यातले शब्द मोठे होते. छापायचं यंत्र हॉलमध्ये होतं. ती कागद घेऊन आली आणि वाचून हिंदी-मराठीत सांगायला लागली. साहेबानं लिहिलं होतं की काम नीट चाललं होतं, पण नेटिव्ह मुकादम, कुणी एक भिवा, त्यानं माझा हुकूम नसताना लाकडं वाचवायला टेकू काढले, आणि त्याच्या हलगर्जीपणानं अकरा मजूर गेले. चौकशीत हे सिद्ध झालं. तरी मी दया दाखवून त्याला कामावरनं न काढता बंगल्यावर ठेवला.

"परत वाच," मी म्हणाले.

तिनं परत वाचलं. कुणी एक भिवा. घाटापासून ज्यानं तुझी साखळी ओढली तो, कुणी एक. आणि त्याची बायको त्या खंदकात होती, ते पुस्तकात कुठंच नाही. स्वतःची बायको खाली टोपली वाहतीय आणि वरनं नवरा लाकडं वाचवायला टेकू काढतोय, असं होतं का कुठं? पण लाटसाहेबाला पटलं. राणीला पटलं. पुस्तक छापणाऱ्याला पटलं. भिवाला कुणी वाचून दाखवलंच नाही. आणि आम्ही? आम्ही अंडं सोलत होतो, टवका न पाडता.

मग रिया म्हणाली, "आजी, ट्रेमध्ये बाबाचे पेपर्स पण होते. इट्स द सेम थिंग." दिलीपनं सकाळी आपला रिपोर्ट छापला होता आणि एक प्रत तिथंच विसरला होता. अकरा वर्षांची पोर. तिला दोन कागद एकाच ट्रेमध्ये मिळाले, तिनं दोन्ही वाचले. "सी? 'द फोरमन, मल्लेश, स्विच्ड ऑफ द पंप्स विदाऊट ऑथरायझेशन.' सेम, ना?" तिला वाटलं तिनं काहीतरी शोधून काढलंय, मी शाबासकी देईन. मी लसणाच्या पाकळ्या गोळा केल्या आणि तिला म्हणाले, हात धुऊन ये.

संध्याकाळी दिलीप आला तसा मी त्याला चहाही विचारला नाही.

"पंप कुणी बंद करायला सांगितले?"

"आई, तू यात पडू नकोस."

"त्या दिवशी जेवताना तूच म्हणालास. ऑफिसचा फोन आला म्हणून."

"फोनचं रेकॉर्ड नसतं. रिपोर्टमध्ये कारण द्यावं लागतं. स्विच कुणाच्या हातानं बंद झाला? मल्लेशच्या. मग टेक्निकली त्यात खोटं काय आहे?"

"टेकू पण भिवाच्याच हातानं निघाले होते."

"कोण भिवा?"

बघा. कोण भिवा, म्हणाला. मी सांगायला लागले तर म्हणाला, "आई, प्लीज, तुझ्या त्या धरणाच्या गोष्टी आत्ता नकोत. मी नाही लिहिलं तर दुसरा लिहील. मल्लेश तसाही सुटणार नाही आणि आपण पण जाऊ."

मनीषा मधे आली. "आई, अहो, रियाचं वर्ष अर्ध्यावर आलंय. महिन्यात सगळं आवरून कुठे जायचं? पुण्यात ह्यांना कोण उभं करणार आहे आत्ता?" तिचं मी वाईट मानलं नाही. ती आपली पोर घेऊन उभी होती. पण दिलीपचं मानलं. "सही केलीस?" मी विचारलं. "उद्या देणार आहे," म्हणाला. "देऊ नकोस," मी म्हणाले. त्यानं टीव्ही लावला.

दुसऱ्या दिवशी दिला. मी आठ दिवस थांबले. वाटलं, आपणहून परत घेईल. स्वयंपाक केला, डबे भरले, रियाच्या तक्त्यावर चमकीच्या पेननं साहेबाची सनावळी रंगवू दिली. तिनं विचारलं की त्या अकरा माणसांची नावं खाली लिहू का. लिही म्हणाले, पण मला एकच येत होतं. चार पिढ्या साहेबाचं कुठलं बोट तुटलं ते पाठ, आणि मेलेल्यांत फक्त आपल्या घरातली बाई पाठ. रियानं जांभळ्या चमकीनं, मराठीत, वाकडंतिकडं लिहिलं, चंद्रा. तिच्या बाईंनी शेरा दिला की छान आहे, पण विषयाला धरून राहावं.

नवव्या दिवशी रिया शाळेतनं आली तशी तिला म्हणाले, मल्लेशकाकाला फोन लाव, पत्ता विचार. मग ट्रेमधला तो कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि पोरीचा हात धरून चालत खाडीवर गेले. अब्रा म्हणतात त्या लाकडी होडीनं पलीकडं देराला. मोठी जहाजं लागतात त्या धक्क्याजवळ, दोरखंडाच्या दुकानावर त्याची खोली. एका खोलीत आठ माणसांचे पलंग, एकावर एक. एक जण तोंडावर टॉवेल घेऊन झोपलेला. मल्लेशचा पासपोर्ट पोलिसांकडं होता, कामावरनं त्याला बसवलं होतं. मला बघून तो लुंगी सावरत उठला.

"अरे अम्मा! आप इधर? साब को मालूम?"

"नहीं मालूम. बैठो. बच्ची पढेगी, तुम सुनो."

रियानं वाचलं. हिंदीत सांगितलं. तिचा आवाज मधेच बारीक झाला, कारण आता तिला कळायला लागलं होतं. मल्लेश खाली बघत ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "लेकिन साब तो बोले, मल्लेश, टेन्शन नक्को लेओ, मैं देख लेता हूँ." मग विचारलं, "नीचे नाम किसका है बेटी?"

रियानं माझ्याकडं बघितलं. ते पोरीनं सांगायचं नव्हतं. मी म्हणाले, "मेरे बेटे का."

मल्लेशनं तिच्या हातातला कागद घेतला. त्यानं कागदाची घडी घातली आणि माझ्यासमोर धरली. "ले जाओ अम्मा. ये बाहर गया तो साब का नौकरी खलास."

"होने दो."

"आप लोग किधर जाएंगे?"

"घर. हमारा घर है. तुम जेल गया तो तुम्हारा घर कौन देखेगा?"

"अम्मा, आपका ही बेटा है."

"इसीलिए मैं आई. रखो वो कागज," मी जोरात म्हणाले, तेवढ्यानं टॉवेलवाला उठून बसला. मल्लेशनं कागद उशीखाली ठेवला. मग रियासाठी खालनं मँगो ज्यूस आणला, आणि आम्ही जाईपर्यंत तिच्याशी तिच्या शाळेचंच बोलला. परत येताना होडीत रियानं विचारलं, "आजी, विल बाबा बी अँग्री?" म्हणाले, होईल. "आर यू अँग्री?" "कधीची," मी म्हणाले.

दिलीपला मीच सांगितलं. चोरून केलं असतं तर माझ्यात आणि त्याच्यात काय फरक. तो बूट काढत होता. म्हणाले, तुझा कागद मी मल्लेशला नेऊन दिला, रियानं वाचून दाखवला. तो एक बूट पायात, एक हातात, तसाच उभा राहिला. "तू माझी आई आहेस की त्याची?"

"त्याची असते तर लगेच गेले असते. तुझी म्हणून आठ दिवस थांबले."

"माझ्या पोरीला घेऊन गेलीस!"

"पोरीनं आधीच वाचलं होतं. तुझ्याच ट्रेमधनं."

मग त्या घरात कुणी माझ्याशी बोललं नाही. चपात्या करायची, झाकून ठेवायची, खोलीत जाऊन बसायची. रडले वगैरे नाही. मला रडू येतच नव्हतं, जबडा दुखायचा. पंधराएक दिवसांनी पोलिसांनी आणि कंपनीनं सगळ्यांना समोरासमोर बोलावलं. दिलीप सकाळी गेला, दुपारी आला. दारातच म्हणाला, "खलास. मनीषा, सामान बांधायला घे." मनीषानं विचारलं, काय झालं, काय म्हणाले. तो म्हणाला, "काय म्हणणार? काढलं." बस. एवढंच. आम्ही समजलो की कागद फुटला म्हणून त्याला काढलं. त्यानं तसं समजू दिलं. मनीषानं डबे खाली काढले आणि शेजाऱ्यांच्या दारात नेऊन ठेवले, जोशीवहिनींची हिंगाची डबी पण. माझ्याकडं बघितलं नाही. रिया मैत्रिणींना फोन करून रडत होती. ते सगळं माझ्या अंगावर आलं आणि मी ते घेतलं. माझंच होतं ते.

पुण्याला आलो. दिलीपला निम्म्या पगाराची नोकरी लागली, रिया मराठी शिकली, वर्षभरानं मनीषा परत आई म्हणून हाक मारायला लागली. दोन वर्षांनी एका दुपारी मल्लेशचा फोन आला, त्याच्या गावावरनं. नातू झाला होता. म्हणाला, "अम्मा, साब कैसे हैं? मेरा सलाम बोलना. उनका एहसान मैं मरते तक नहीं भूलता."

मी म्हणाले, कसला एहसान?

"आपको नहीं बोले? उस दिन मेरे को साब के सामने बिठाए थे. वो कागज टेबल पर. बड़े साब पूछे, पंप किसके हुकुम से बंद हुआ. साब मेरे तरफ देखते रहे, देखते रहे. फिर बोले, हुकुम ऑफिस से आया, मेरे फोन पर आया, मैंने ही मल्लेश को बोला. रिपोर्ट मैंने गलत लिखी. लिख के भी दिए. इसीलिए तो मेरे को छोड़ दिए. मरनेवालों का पैसा कंपनी से भरवाए, केस बंद."

मी फोन ठेवला. लोकांना ही गोष्ट सांगितली की म्हणतात, बघा, शेवटी पोरगा तुमचाच. मी खूश झाले नाही असं नाही. पण राग गेला नाही, आजही गेलेला नाही. माझ्या पोराला खरं बोलायला माणूस समोर आणून बसवावा लागला. रिकाम्या खोलीत, कॉम्प्युटरपुढं, त्याच्या हातानं सरळ लिहिलं नव्हतं. आणि दुसरा राग असा की दोन वर्षं त्यानं मला कळू दिलं नाही. दोन वर्षं मी त्याच्यापुढं ताट ठेवत होते आणि मनात त्याला ठोंबेसाहेब म्हणत होते.

दिलीप संध्याकाळी आला, हातपाय धुऊन पानावर बसला. मी म्हणाले, मल्लेशचा फोन होता. त्यानं मान वर केली नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं त्यात?" तो म्हणाला. "आधी तर खोटंच लिहिलं होतं ना मी."

मी त्याला भात वाढला. रागातच वाढला, पण त्यानं पुरे म्हणेपर्यंत वाढला.